बॅग, पिशवी, पडशी वगैरे

'माझी बॅग हरवली' हे जेमतेम तीन शब्दांचं वाक्य आहे, पण त्यातल्या तिन्ही शब्दांना आमच्या घरात हरकत आहे. 'माझी'ला बायकोची हरकत, कारण ती वस्तू तिला तिच्या ऑफिसातल्या कॅरमच्या स्पर्धेत उपविजेती म्हणून मिळाली होती. 'हरवली'ला बायको आणि सासूबाई, मायलेकी दोघींची हरकत, कारण वस्तूला पाय नसतात, ती आपण होऊन हरवत नाही. ती कोणीतरी धांदरट माणूस बसमध्ये ठेवून उतरतो. आणि 'बॅग'ला सासूबाईंची हरकत. पहिल्या दोन हरकती घरातल्या घरात मिटल्या असत्या. तिसरी पार सुनावणीपर्यंत गेली.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली. त्या निवृत्त झाल्या त्या शाळेतून, शिकवण्यातून नाही. आता त्यांच्या वर्गात मी एकटाच आहे आणि मला मधली सुट्टीही मिळत नाही. सकाळी कामावर निघताना मी नुसतं "अगं, बॅग कुठे आहे?" असं बायकोला विचारलं, तरी आतल्या खोलीतून आवाज यायचा, "बॅग हा शब्द नाही, जावईबापू. तो आळस आहे."

यावर त्यांचं एक व्याख्यानच होतं. इंग्रजीत म्हणे ज्यात ज्यात काही कोंबता येतं ती सगळी बॅग. धान्य भरा, बॅग. पैसे ठेवा, बॅग. डोळ्यांखाली सूज आली, तरी बॅगच. आपल्या भाषेत धान्याचं पोतं असतं, पैशांचा कसा असतो, नाण्यांचा बटवा असतो, अंथरुणाची वळकटी होते, कपड्यांचं बोचकं होतं, भाजीला पिशवी लागते आणि मागायला झोळी लागते. "आणि खांद्यावर टाकायची, दोन कप्प्यांची असते ती पडशी. तुमच्या हातात आहे ती पडशी आहे. पडशी म्हणायला जीभ झिजते का?"

मला ऑफिसला उशीर होत असायचा. मी 'पडशी' म्हणून सुटका करून घ्यायचो आणि जिन्यात आल्यावर पुन्हा बॅग म्हणायचो. एवढं स्वातंत्र्य माणसाला असावं.

ती वस्तू नेमकी काय होती, हे मात्र देव जाणे. तपकिरी रेक्झिनची, वर धरायला दोन बंद, खांद्याला लावायला एक लांब पट्टा, दोन बाजूंना दोन फुगीर कप्पे आणि मधे एक चेन. ही चेन अर्ध्यावर येऊन अडायची आणि मग आतल्या कागदांशी तिचं भांडण लागायचं. बायको तिला पिशवी म्हणायची. उपविजेतीला बॅग कोण देतंय, पिशवीच देतात, असं तिचं म्हणणं. अंतिम फेरीत राणी तिच्या हातून थोडक्यात निसटली होती, ती सल अजून आहे.

तर अशा त्या वस्तूत मी सासूबाईंचे दात ठेवले.

म्हणजे कवळी. जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. डॉक्टरांनी मापं घेतली, आठवडेच्या आठवडे लावले आणि एकदाचा फोन केला की तयार आहे, घेऊन जा. सासूबाईंनी स्वतः जाणं शक्यच नव्हतं. दात नसताना त्या घराबाहेर पडत नव्हत्या, फोनवर बोलत नव्हत्या, आणि घरातही बोलायचं झालं तर तोंडावर रुमाल धरून बोलत होत्या. त्यात येत्या रविवारी त्यांच्या शाळेचा वर्धापनदिन होता आणि प्रमुख भाषण त्यांचं होतं. निवृत्त झाल्यापासून शाळेने बोलवावं म्हणून त्या वाट बघत होत्या. आणि त्या आल्या नाहीत तर ऐनवेळी बोलायला भूगोलाच्या बाई तयारच होत्या.

या भूगोलाच्या बाई म्हणजे सासूबाईंच्या एकेकाळच्या सहकारी. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून दोघींचं जे बिनसलं ते खुर्ची मोडली तरी जुळलं नाही. त्यांचे रोज आमच्याकडे फोन येत होते. "काय म्हणतात तुमच्या सासूबाई? फोनवर येत नाहीत हल्ली. आवाज बसलाय का? काळजी करू नका म्हणावं. मी नद्यांवर एक भाषण तयार ठेवलंय."

सासूबाईंनी घरात सक्त ताकीद दिली होती. दातांचा 'द' कोणासमोर काढायचा नाही. कवळी तुटली हे भूगोलाला कळता कामा नये.

मी कवळीची निळी डबी बॅगेत ठेवली, बस पकडली, खिडकी मिळाली, सगळं छान चाललं होतं. पण शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपल्या गल्लीत पाणी येत नाही असा विषय काढला. आता मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात हेडक्लार्क आहे. तक्रार कशी करावी हा माझा हातखंडा विषय. मी त्यांना इतक्या तळमळीने समजावून सांगत होतो की माझा स्टॉप आला तेव्हा कंडक्टरने ओरडून उठवलं. गडबडीत मी छत्री घेतली, चष्मा घेतला, त्या गृहस्थांचा पेपरसुद्धा घेतला. बॅग तेवढी राहिली.

घरी आलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या, रुमाल तोंडावर, डोळ्यांत लहान मुलासारखी वाट बघणं. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी त्या हातावर काय ठेवणार? छत्री ठेवली.

पुढच्या अर्ध्या तासाबद्दल मी बोलणार नाही. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बायको मात्र दोघींच्या वाटणीचं बोलली. ते ओसरल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो आणि म्हटलं, "घाबरायचं कारण नाही. मी या क्षेत्रातला माणूस आहे."

इथे मला माझं शास्त्र थोडं सांगायला हवं. आमच्या खात्यात एका तक्रारीला तक्रार म्हणत नाहीत, कागद म्हणतात. त्यावर चहाचा कप ठेवतात. दोन आल्या तर तो योगायोग. एकाच मजकुराच्या चार आल्या तर ते संगनमत, त्या एकत्र टाचून बाजूला सारतात. पण चार वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या अक्षरात, वेगवेगळ्या शब्दांत चार तक्रारी आल्या, की साहेब खुर्चीत सरळ बसतात आणि जीप पाठवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जीप थांबवायचं काम माझ्याकडेच असतं.

"म्हणून," मी म्हटलं, "बस डेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात आपण प्रत्येकाने वेगळी तक्रार द्यायची. आपापल्या शब्दांत. एकमेकांचं बघून लिहायचं नाही."

"आपण तिघंच आहोत," बायको म्हणाली.

"चौथी माझी!" दारातून आवाज आला.

दारात वरच्या मजल्यावरचे ऑडिटर उभे होते. हे गृहस्थ निवृत्त आहेत, आणि निवृत्तीत त्यांचे हिशेब संपले तरी हरकती शिल्लक राहिल्या आहेत. जिन्यातला दिवा, पाण्याची टाकी, आमच्या पायपुसण्याची दिशा, यांवर ते त्या हरकती खर्च करतात. आमच्याकडे आवाज चढला की त्यांना खाली काहीतरी काम निघतं.

"आत काय होतं?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. "खाजगी वस्तू आहे," मी म्हटलं.

"समजलो," असं म्हणून त्यांनी एक डोळा बारीक केला. त्यांना काहीही समजलेलं नव्हतं. पण माझ्या शास्त्राला चार माणसं लागत होती, म्हणून मी त्यांना हो म्हटलं. हे हो मला अजून रात्री आठवतं.

तीन दिवसांत डेपोतून फोन आला. वस्तू सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जा. मी बायकोकडे असा काही कटाक्ष टाकला की बस्स. "शास्त्र असतं ते," एवढंच म्हटलं आणि निघालो.

हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस डेपोच्या मागच्या बाजूला, टायरांच्या ढिगापलीकडे आहे. आत शिरलं की माणुसकीवरचा विश्वास उडतो. छत्र्या, डबे, एकेकटे बूट इथपर्यंत ठीक आहे. पण तिथे एक कुबडी टांगलेली होती. कुबडी घेऊन बसमध्ये चढलेला माणूस उतरला कसा, हे मला अजून कळलेलं नाही. या सगळ्या पसाऱ्यात एका टेबलामागे एक किडकिडीत साहेब बसले होते. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर जगातलं सगळं सामान आपल्यालाच सांभाळायचंय असा भाव. मी त्यांचं नाव मनातल्या मनात सामानसाहेब ठेवलं.

मागच्या फळीवर माझी बॅग दिसली. मला इतका आनंद झाला की मी सरळ हात पुढे केला.

"थांबा," सामानसाहेब म्हणाले. "तुमची कोणती?"

"ती काय, ती तपकिरी."

"तसं नाही. आमच्याकडे चार वस्तू हरवल्याच्या तक्रारी आहेत. एक बॅग, एक पिशवी, एक पडशी, एक हँडबॅग. सापडलीय एक वस्तू. ती यांपैकी कोणती?"

"चारही!"

"एक वस्तू चार वस्तू कशा असतील?"

"अहो, वस्तू एकच. आम्ही फक्त शब्द वेगवेगळे वापरले."

"का?"

आता या 'का'चं खरं उत्तर दिलं असतं तर माझं शास्त्र उघडं पडलं असतं. मी घसा खाकरला. तेवढ्यात त्यांनी चारही कागद पुढ्यात पसरले. मी लिहिलं होतं, रंग चॉकलेटी. बायकोने लिहिलं होतं, विटकरी, शिवण उसवलेली. सासूबाईंनी लिहिलं होतं, पिंगट, आणि खाली विटकरी व पिंगट यांतला फरक. ऑडिटर साहेबांनी लिहिलं होतं, गडद, नवीकोरी, उंची. ती त्यांनी आमच्या दारामागे खिळ्याला लटकलेली फक्त लांबून पाहिली होती, ती पण पायपुसण्याची दिशा तपासताना.

"एकाच पत्त्यावरून, एकाच दिवशी, एकाच बसमध्ये चार वस्तू हरवतात," सामानसाहेब सावकाश म्हणाले, "आणि एक सापडल्यावर चौघंही तीच आमची म्हणतात. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी टोळी मी पाहिली नाही."

टोळी! मी, पाणीपुरवठ्याचा हेडक्लार्क, आणि टोळी!

"बरं, आत काय आहे ते सांगा," ते म्हणाले. "त्यावरून ठरवू."

मी 'वैयक्तिक उपयोगाची वस्तू' लिहिलं होतं, तेच सांगितलं. त्यांनी बायकोचा कागद पाहिला: आईची वस्तू. सासूबाईंचा पाहिला: वक्तृत्वास अत्यावश्यक साहित्य. चौथा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. ऑडिटरांनी लिहिलं होतं: मौल्यवान ऐवज.

"मौल्यवान!" सामानसाहेब उठून उभे राहिले. "मग विषयच संपला. मौल्यवान वस्तूला सील लागतं. आणि सील लागलं की ते सुनावणीशिवाय फुटत नाही." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी बॅगेला सुतळी गुंडाळून त्यावर लाख टपकवली. सुनावणी त्यांनी पुढल्या आठवड्यातली दिली. भाषणानंतरची!

मी गयावया केली. बाकीच्या तिघांच्या तक्रारी मागे घेतो म्हटलं. ते म्हणाले, ज्याची त्याने मागे घ्यायची, आणि खोटी तक्रार का दिली याचा खुलासा जोडायचा. बायको लगेच तयार झाली. खुलाशात ती नवऱ्याचं नाव घालणार होती. पण ऑडिटर साहेबांनी मान हलवली. "अहो, मी आयुष्यात काढलेला एकही मुद्दा कधी मागे घेतलेला नाही. भल्याभल्या खात्यांना घेतला नाही. तुमच्यासाठी कसा घेऊ?"

"पण बॅग तुमची नाहीये!"

"तो वेगळा मुद्दा. तो हवा तर स्वतंत्र काढा."

संध्याकाळी भूगोलाच्या बाईंचा फोन आला. नद्यांमध्ये आता उपनद्यांचीही भर पडली होती. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्या रुमालाआडून म्हणाल्या, "शाळेला कळवून टाका. मला जमणार नाही." इतकंच. माझी एकही चूक त्यांनी त्या दिवशी काढली नाही. मी मुद्दाम दोनदा बॅग म्हणून पाहिलं, तरी नाही. मला भयंकर वाईट वाटलं. माझ्या धांदरटपणापायी एका म्हातारीच्या तोंडचा घास, नव्हे, तोंडचे शब्द काढून घेतले होते मी.

"शाळेला काही कळवायचं नाही," मी म्हटलं. "उद्या तुम्ही माझ्याबरोबर डेपोत चला."

"अशी?" त्यांनी रुमालाकडे बोट दाखवलं.

"अशाच. बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

माझी कल्पना अशी की म्हातारं माणूस समोर बसलेलं पाहून सामानसाहेबांना पाझर फुटेल. पाझर वगैरे काही फुटला नाही. पण सासूबाई नुसत्या बसणाऱ्यांतल्या नाहीत, हे मी विसरलो होतो. त्या बाकावर बसल्या, समोरच्या भिंतीवर ऑफिसच्या सूचना चिकटवलेल्या होत्या, आणि त्यांच्याकडे लाल पेन होतं. दुपारपर्यंत पहिली भिंत तपासून झाली. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या भिंतीला लागल्या. प्रत्येक सूचनेखाली गुण. 'हरवलेल्या वस्तूंची जबाबदारी राहणार नाही' याला दहापैकी दोन, आणि शेरा: कोणाची? वस्तू सोडवायला आलेले लोक छत्र्या विसरून भिंती वाचायला लागले. एकाने तर सामानसाहेबांना तोंडावर विचारलं, "साहेब, तुम्ही नापास का झालात?"

सुनावणी शनिवारवर आली.

शनिवारी आम्ही चौघं टेबलासमोर ओळीने उभे राहिलो. ऑडिटर साहेब कोट घालून आले होते. सामानसाहेबांनी सील तपासलं, सुतळी कापली, चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडली. "तिला जरा डावीकडे..." असं आम्ही तिघं एकदम म्हणालो. सामानसाहेबांनी वर पाहिलं, पण हा पुरावा त्यांच्या नियमात बसत नसावा. शेवटी चेन निघाली, निळी डबी निघाली, डबीचं झाकण उघडलं.

दात. दोन्ही रांगा, गुलाबी हिरड्यांसकट. त्या खोलीत तेवढेच हसत होते.

"हा मौल्यवान ऐवज?" सामानसाहेबांनी ऑडिटरांना विचारलं. ऑडिटर साहेबांनी पहिल्यांदाच कोणताही मुद्दा न काढता माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणाचे आहेत?"

मागे बाकावर वस्तू न्यायला आलेली माणसं माना उंचावून बघत होती. त्यांच्यात शाळेतल्या कोणाचे आईबाप असतील, कोणी भूगोलाच्या बाईंच्या शेजारी राहत असेल, काय सांगावं? सासूबाईंनी रुमाल इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मला काय झालं कोण जाणे. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हटलं, "माझे."

"तुमचे?" सामानसाहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथे माझे स्वतःचे सगळे दात उभे होते.

"जादा आहेत," मी म्हटलं.

"घालून दाखवा."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी डबी हातात घेतली. खरं सांगतो, मी तोंड उघडलंसुद्धा होतं. घरातली अब्रू राखायची तर काय काय तोंडात घालावं लागतं! एवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून डबी काढून घेतली. त्यांनी रुमाल घडी करून कमरेला खोचला. सगळ्यांसमोर, त्या पोकळ तोंडाने, त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी." कोणीतरी पेला आणून दिला. त्यांनी पाठ फिरवली, दात धुतले, काहीतरी खट्ट वाजलं, आणि त्या वळल्या.

"उभे राहा!"

आम्ही उभेच होतो, आम्ही ताठ झालो. बाकावरची सगळी माणसं उठली. सामानसाहेबसुद्धा उठले, आणि उठल्यावर आपण का उठलो म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. नव्या दातांतून आलेला तो आवाज असा स्वच्छ होता की मागे टांगलेल्या कुबडीलाही ऐकू गेला असेल.

"दात माझे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "जुने मोडले, हे नवे केले. त्यात लाजायचं काय? लाजत होते ती माझी चूक. जावईबापू, तुम्ही खोटं बोललात." आणि जरा थांबून, "पण वेळेवर बोललात. आता ही वस्तू काय आहे? तुम्ही सांगा."

"पडशी," मी म्हटलं.

"तू?"

"पडशी, आई," उपविजेती म्हणाली.

"ऑडिटर?"

ऑडिटर साहेब कोटाची बटणं चाचपत म्हणाले, "मी हँडबॅग हा मुद्दा मागे..."

"मोठ्याने."

"मागे घेतो. पडशी."

सामानसाहेब चाचरत म्हणाले, "पण आमच्या वर्गवारीत पडशी हा प्रकारच नाही."

"मग वर्गवारी सुधारा. बसा."

सगळे बसले. सामानसाहेबांनी लिहून घेतलं, सासूबाईंनी ते तपासलं, आणि दहापैकी सहा दिले. निघताना ते मला हळूच म्हणाले, "या भाषेच्या होत्या का? आम्हाला गणिताच्या अशा होत्या." त्यांच्या आवाजात जुनी दहशत होती.

रविवारचं भाषण झालं. अहो, झालं म्हणजे काय, गाजलं! विषय होता 'नेमका शब्द'. आम्ही जी गोष्ट प्राणपणाने लपवली ती सासूबाईंनी पहिल्याच वाक्यात भरसभेत सांगून टाकली: "मुलांनो, माझे हे दात कालपर्यंत बसच्या डेपोत सील होऊन पडले होते." पुढे तक्रारी, सील, सुनावणी, सगळं यथासांग आलं. मी त्यात 'एक गृहस्थ' म्हणून होतो. पण भाषणभर त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या आणि मी पहिल्या रांगेत ती पडशी मांडीवर घेऊन बसलो होतो, त्यामुळे नाव न घेण्याचा फारसा उपयोग झाला नाही. मुलं मान वळवून वळवून मला पाहत होती. पलीकडच्या खुर्चीत भूगोलाच्या बाई होत्या, हातातल्या नद्यांच्या कागदांनी वारा घेत. शेवटी त्यासुद्धा हसल्या. भाषणानंतर त्या सासूबाईंना म्हणाल्या, "डॉक्टरांचा पत्ता दे गं. माझेही हलतायत." दोघी खिडकीजवळ दोन खुर्च्या ओढून बसल्या त्या दिवे मालवायची वेळ झाली तरी उठेनात.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं मागच्या सीटवर बसलो. सासूबाई फार खूश होत्या. इतक्या की मधेच मला म्हणाल्या, "जावईबापू, ती बॅग जरा तिकडे सरकवा, पाय मोकळे करू द्या." मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काहीही न बोलता ती बाजूच्या सीटवर सरकवली. माणसाने जिंकलं की गप्प बसावं.

आमचा स्टॉप आला. आम्ही उठलो. ती वस्तू तिथेच सीटवर होती. तिच्यात काही नव्हतं, एक जुना पेपर सोडला तर. तो मला त्या गृहस्थांना परत द्यायचा होता. दात जिथे असायला हवेत तिथे होते. मी तिच्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. सासूबाईंनीही चष्मा नाकावर ओढून पाहिलं. आणि आम्ही तिघं एकापाठोपाठ एक उतरलो. बस गेली. आम्ही चौकापर्यंत आलो. मग बायको हसायला लागली, मग मी, मग सासूबाई, भर रस्त्यात, नव्या दातांनी. आमच्या घरात इतकं एकमत मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी दाढी करत असताना बेल वाजली. दारात ऑडिटर साहेब, कोटात, घामाघूम.

"काल रात्री तुम्ही रिकाम्या हाताने जिना चढताना दिसलात," ते म्हणाले. "तेव्हाच माझ्या लक्षात आलं. म्हटलं, बिचारे आता परत घोळ घालून ठेवणार. सकाळी पहिल्या बसने डेपोत जाऊन आलो."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. "जाऊन काय केलंत?"

"काळजीच सोडा. या वेळी एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको म्हणून चारही नावांनी, चौघांच्या वतीने, चार स्वतंत्र तक्रारी देऊन आलोय. आणि आत मौल्यवान ऐवज आहे, तेही प्रत्येकीत लिहिलंय."

मी गालावरचा फेस तसाच ठेवून आत गेलो. सासूबाई चहाचा कप समोर घेऊन पेपर तपासत होत्या, दातांची डबी बशीशेजारी होती.

"आई," मी म्हटलं, "दात घाला."